तेल कंपन्यांना सूर्य का परवडत नाही?

विठ्ठलवाडी स्थानकाच्या फलाटावरून गाड्या दोनच दिशांना जातात. एक गाडी मुंबईकडे जाते. कुर्ल्याला उतरून हार्बर मार्गाने चेंबूर गाठले की तिथून जवळच, माहुलच्या बाजूला, तेलशुद्धीकरणाचे दोन जुने कारखाने आहेत. त्यांतला एक १९५४ साली आणि दुसरा १९५५ साली सुरू झाला. जुनी माणसे त्यांना अजून एस्सो आणि बर्मा-शेल म्हणतात. आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखले जातात. दुसऱ्या दिशेची गाडी अंबरनाथ, बदलापूर, कर्जत असे करीत खोपोलीला जाते. खोपोलीला सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी नळांतून खाली आणून १९१५ सालापासून वीज तयार केली जात आहे.

एकाच फलाटावरून निघणाऱ्या या दोन वाटा म्हणजे ऊर्जेचे दोन वेगवेगळे धंदे आहेत. त्यांतला फरक ध्यानात घेतला, तर वर्गात हटकून विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर सापडते. "सर, तेल संपणार हे सर्वांना ठाऊक आहे. तेल कंपन्यांजवळ पैसा आहे, हुशार इंजिनिअर आहेत. मग त्या सगळा पैसा सूर्य आणि वारा यांवर का लावत नाहीत?"

या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी मिळतात. कोणी म्हणतो, तेल कंपन्या दुष्ट आहेत. कोणी म्हणतो, सौर ऊर्जा अजून कच्ची आहे. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि दोन्ही अपुरी आहेत. खरे कारण शोधण्यासाठी आपण विज्ञानाचा विद्यार्थी करतो तेच करू या. एखादा प्रयोग सापडतो का ते पाहू या.

एक कारखाना, दोन भागीदार

प्रयोगाची चांगली रीत तुम्हांला माहीत आहे. बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवायच्या आणि एकच गोष्ट बदलून पाहायची. धंद्याच्या जगात असा प्रयोग सहसा होत नाही. पण आपल्या देशात तो जवळजवळ घडून आला.

१९८९ साली टाटा पॉवर आणि ब्रिटनची बीपी ही तेल कंपनी यांनी मिळून टाटा बीपी सोलर ही कंपनी स्थापन केली. बंगळूरला सौरघट आणि सौर पॅनेल बनवण्याचा कारखाना निघाला. टाटांचा वाटा निम्म्याहून किंचित जास्त, तर बीपीचा निम्म्याहून किंचित कमी होता. कारखाना एक, कामगार तेच, पॅनेल तेच, बाजारही तोच. वेगळे होते ते फक्त भागीदार.

बीपी ही काही सौर ऊर्जेत नवखी नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या आरंभापासूनच ती या क्षेत्रात होती. २००० साली तर तिने आपले बोधचिन्ह बदलून हिरव्या-पिवळ्या सूर्याचे केले. तरीही डिसेंबर २०११ मध्ये आपण सौर धंद्यातून बाहेर पडत असल्याचे बीपीने जाहीर केले. या धंद्यातून नफा मिळवणे आपल्याला जमत नाही, असे तिचे म्हणणे होते. २०१२ मध्ये तिचा वाटा टाटा पॉवरने विकत घेतला आणि कंपनीचे नाव टाटा पॉवर सोलर झाले. पुढे हा धंदा वाढत गेला, आणि तमिळनाडूत तिरुनेलवेलीला सौरघट व पॅनेल यांचा खूप मोठा कारखानाही उभा राहिला.

एकाच कारखान्याकडे पाहून एका भागीदाराने "परवडत नाही" म्हटले आणि दुसऱ्याने "परवडते" म्हटले. सूर्य दोघांनाही तोच होता. मग फरक कशात होता?

बॅरलभर तेल आणि चौरस मीटरभर ऊन

आधी भौतिकशास्त्र पाहू. तेलाचा एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. तो जाळला तर सुमारे १,७०० युनिट, म्हणजेच १,७०० किलोवॅट-तास, इतकी उष्णता मिळते. आता एक चौरस मीटरचे सौर पॅनेल घ्या. भर दुपारी त्यावर सुमारे १,००० वॅट ऊन पडते. त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतो, म्हणजे २०० वॅट. दिवसभराचे ऊन पाच तासांच्या भर उन्हाइतके धरले, तर दिवसाला एक युनिट मिळते. म्हणजे एका बॅरलमधील ऊर्जेची बरोबरी करायला त्या पॅनेलला १,७०० दिवस, साडेचार वर्षांहून अधिक काळ, उन्हात उभे राहावे लागेल!

खोपोलीच्या पाण्याचाही हिशोब करून पाहा. एक घनमीटर पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरले, तर 'वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची' या सूत्राने ४९ लाख ज्यूल मिळतात. ते सव्वा युनिटाहून थोडेच अधिक भरतात. एक टन पाणी पाचशे मीटर उतरवून सव्वा युनिट, आणि पिंपभर तेलात १,७०० युनिट! तेलात ऊर्जा किती दाटून भरलेली आहे, हे यावरून कळेल. कोट्यवधी वर्षांचे ऊन त्यात साठलेले असते. ते साठवण्याचा खर्च कोणालाच आलेला नाही. आपण फक्त उपसण्याचा खर्च करतो.

पण एवढ्यावरून सूर्य हरला असे समजू नका. मोटारीच्या इंजिनात तेलाच्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता वाया जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेतील बहुतेक कामी लावते. शिवाय सौर विजेचा दर पाहा. २०१० च्या अखेरीस राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात कंपन्यांनी युनिटला साधारण अकरा-बारा रुपये मागितले होते. २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथे हा दर २ रुपये ४४ पैशांवर आला, आणि २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांवर. तेव्हा सौर ऊर्जा कच्ची आहे, हे उत्तर आता टिकत नाही. अडचण दुसरीकडेच आहे. ती पदार्थविज्ञानाच्या वहीत सापडत नाही. तिच्यासाठी गणिताची वही उघडावी लागते.

विहीर आणि पॅनेल: चक्रवाढ व्याजाचे गणित

कल्पना करा, तुमच्याजवळ १०० रुपये आहेत. ते गुंतवण्याचे दोन मार्ग आहेत. (हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.)

पहिला मार्ग तेलाच्या विहिरीचा. विहीर नवी असते तेव्हा जमिनीखालचा दाब भरपूर असतो, तेल जोराने येते. मग दाब उतरतो आणि उत्पन्न घटत जाते. पहिल्या वर्षी ४० रुपये, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी साडेबावीस, असे दरवर्षी चौथ्या हिश्शाने कमी होत गेले, तर एकूण उत्पन्न १६० रुपये होईल.

दुसरा मार्ग सौर पॅनेलचा. इथे इंधनाला खर्च नाही. पण जवळजवळ सगळा पैसा पहिल्याच दिवशी ओतावा लागतो. मग दरवर्षी १० रुपये, असे २५ वर्षे. एकूण २५० रुपये.

कोणता मार्ग चांगला? "अर्थात पॅनेलचा, २५० मोठे की १६०?" असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. वीस वर्षांनी मिळणाऱ्या १० रुपयांची किंमत आजच्या १० रुपयांइतकी नसते. आज हाती आलेला पैसा व्याजाने वाढतो. म्हणून पुढे मिळणाऱ्या रकमेचे आजचे मोल काढायचे, तर चक्रवाढ व्याजाचे सूत्र उलटे वापरावे लागते, म्हणजे गुणण्याऐवजी भागावे लागते. तसे केले की चित्र असे दिसते:

दर १५ टक्के धरला, तर विहिरीचे आजचे मोल १०० रुपये, पॅनेलचे ६५ रुपये.
दर ८ टक्के धरला, तर विहिरीचे १२१ रुपये, पॅनेलचे १०७ रुपये.
दर ४ टक्के धरला, तर विहिरीचे १३८ रुपये, पॅनेलचे १५६ रुपये.

पाहा, किती नवल आहे! तीच विहीर, तेच पॅनेल. पण पंधरा टक्क्यांचा चष्मा लावला तर पॅनेल चक्क तोट्याचे दिसते. १०० रुपये घालून ६५ च परत. आठ टक्क्यांच्या चष्म्यातून ते फायद्याचे दिसते. चार टक्क्यांच्या चष्म्यातून तर ते विहिरीलाही मागे टाकते. सूर्य परवडतो की नाही, हे सूर्यावर कमी आणि आपण कोणत्या दराने हिशोब करतो यावर जास्त अवलंबून असते.

तेल कंपन्यांचा चष्मा मोठ्या दराचा का असतो? त्यालाही कारण आहे. खोदलेल्या अनेक विहिरी कोरड्या निघतात. तेलाचा भाव आज चढतो, उद्या कोसळतो. एवढा धोका पत्करायचा, तर लागलेल्या विहिरीतून घसघशीत परतावा मिळायलाच हवा. भागधारकांनाही मोठ्या लाभांशाची सवय झालेली असते. "तुम्ही तेल काढा. सौर धंद्यात पैसे घालायचेच झाले, तर आम्ही सौर कंपनीचे भाग थेट विकत घेऊ," असे ते म्हणू शकतात. मग कंपनी सौर प्रकल्पालाही तीच मोजपट्टी लावते आणि तो नापास होतो.

टाटा पॉवरची सवय वेगळी होती. धरणे बांधायची, डोंगरातून नळ उतरवायचे, सगळा खर्च आधी करायचा आणि मग पावसाच्या फुकट पाण्यावर वर्षानुवर्षे थोडे थोडे मिळवत राहायचे, हे या घराण्याने खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथे केव्हाच करून पाहिले होते. सौर प्रकल्पाचे गणित हुबेहूब जलविद्युत प्रकल्पासारखेच असते. शिवाय २५ वर्षांचा वीजखरेदी करार हाती असला की उत्पन्नाची खात्री असते, म्हणून बँकाही कमी व्याजाने कर्ज देतात. टाटा पॉवर ही कोणी संत नव्हे. कोळशावर चालणारी मोठी वीजकेंद्रेही तिच्याजवळ आहेत. पण तिच्या डोळ्यांवर आठ टक्क्यांचा चष्मा होता, म्हणून तिला त्या कारखान्यात धंदा दिसला.

सूर्याला कुंपण नाही

दुसरे कारण मालकीचे आहे. तेल मोजक्याच ठिकाणी सापडते. ते ज्याच्या ताब्यात, त्याला उपसण्याचा खर्च कितीही कमी असला तरी जगाच्या बाजारातला भाव मिळतो. सौदी अरेबियातील विहिरींतून तेल उपसण्याचा खर्च बॅरलमागे पाच डॉलरांच्याही आत येतो. त्याच बॅरलचा बाजारभाव मात्र साठ-सत्तर डॉलर असू शकतो. मधला नफा हुशारीचा कमी आणि दुर्मीळ जागेच्या मालकीचा जास्त असतो.

ऊन मात्र दुर्मीळ नाही. ते उल्हासनगरच्या पत्र्यावर पडते तसेच मराठवाड्याच्या माळावरही पडते. पॅनेल कोणीही विकत घेऊ शकतो. सरकार वीज घेण्यासाठी लिलाव करते तोही उलटा. जो सर्वांत कमी दर सांगेल त्याला काम मिळते. त्यामुळे पॅनेल स्वस्त झाले की फायदा विजेच्या ग्राहकाला होतो, कंपनीच्या तिजोरीत फारसे उरत नाही. २०११ च्या सुमारास चीनमधील प्रचंड उत्पादनामुळे पॅनेलचे भाव कोसळले, तेव्हा केवळ सौर धंदा करणाऱ्या अनेक कंपन्यांचेही दिवाळे निघाले. जी गोष्ट समाजाच्या हिताची, तीच धंद्याला अडचणीची, असा हा पेच आहे.

पुढे पाऊल, मागे पाऊल

यानंतर बीपीने पुन्हा एकदा प्रयत्न केला. २०२० मध्ये, तेलाचे भाव कोसळले असताना, २०३० पर्यंत आपले तेल व वायू यांचे उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करण्याचे तिने जाहीर केले. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि तेल बॅरलला शंभर डॉलरांच्या वर गेले. तेल कंपन्यांना अफाट नफा झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बीपीने ४० टक्क्यांचे उद्दिष्ट २५ टक्क्यांवर आणले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेल व वायूवरील खर्च वाढवून अक्षय ऊर्जेवरील खर्च मोठ्या प्रमाणात कापला.

त्याच सुमारास या गोष्टीत मुंबई पुन्हा आली. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात असलेले तेलक्षेत्र, मुंबई हाय, 'सागर सम्राट' या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने १९७४ साली शोधले आणि १९७६ साली तिथून तेल येऊ लागले. ऐंशीच्या दशकात तिथे दिवसाला चार लाखांहून अधिक बॅरल तेल निघे. २०२४ पर्यंत ते सव्वा-दीड लाखाच्या आसपास उतरले होते. मघाशी आपण पाहिलेली घटती विहीर ती हीच! हे उत्पादन पुन्हा वाढवण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये तांत्रिक साहाय्यक म्हणून जिची निवड केली, ती कंपनी बीपीच होती. बंगळूरच्या सौर कारखान्यातून बाहेर पडलेली कंपनी तेरा वर्षांनी मुंबईच्या समुद्रात तेल वाढवायला आली. जे काम तिला येते, तिकडेच ती परतली.

हे केवळ एका कंपनीचे नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाप्रमाणे २०२२ मध्ये जगात स्वच्छ ऊर्जेत जी गुंतवणूक झाली, तिच्यात तेल व वायू कंपन्यांचा वाटा अवघा एक टक्का होता.

मग ओएनजीसीचे काय?

आपली ओएनजीसी ही सरकारी कंपनी. तिच्यावर दुहेरी ओझे आहे. भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो, म्हणून देशाची तिच्याकडून पहिली मागणी "अधिक तेल काढा" अशी असते. दुसरीकडे २०३८ पर्यंत स्वतःच्या कामकाजातील कर्ब-उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे आणि २०३० पर्यंत १०,००० मेगावॅट अक्षय ऊर्जा उभी करायची, असे उद्दिष्ट तिने जाहीर केले आहे. मार्च २०२५ मध्ये तिने एनटीपीसी या वीजकंपनीच्या जोडीने अयाना ही अक्षय ऊर्जेची कंपनी विकत घेतली. चालू आणि बांधकामाखालील प्रकल्प मिळून तिची क्षमता सुमारे ४,१०० मेगावॅट, आणि किंमत कर्जासह सुमारे १९,५०० कोटी रुपये. तेल कंपनीने सौर धंद्यात मोठी उडी घेताना वीजकंपनीचा हात धरला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

तेल कंपनी बदलूच शकत नाही, असे मात्र नाही. डेन्मार्कची सरकारी तेल-वायू कंपनी डाँग हिने समुद्रातल्या पवनचक्क्या उभारायला घेतल्या, २०१७ मध्ये आपला तेल-वायू उत्पादनाचा धंदा विकून टाकला आणि ऑर्स्टेड असे नवे नाव घेतले. तिला दोन गोष्टींची मदत झाली. मोठा मालक सरकार होते, म्हणून दमाने घेता आले. आणि समुद्रात पोलादी मनोरे उभारण्याचे कसब नव्या कामातही उपयोगी पडले. तरीही वाट सोपी नव्हती. २०२३ मध्ये अमेरिकेतील दोन प्रकल्प मोठा तोटा सोसून तिला सोडून द्यावे लागले.

ओएनजीसीजवळही असे कसब आहे. समुद्रात मनोरे कसे रोवायचे, जमिनीत हजारो मीटर खोल कसे जायचे, हे तिच्या लोकांना येते. लडाखमधील पुगा खोऱ्यात जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज मिळवण्याच्या प्रयत्नासाठी तिने २०२१ मध्ये करार केला, तो याच बळावर. उरण आणि ट्रॉम्बे यांच्यावर आपल्या भागातील कितीतरी घरे चालतात. विहीर आटते तसे त्या घरांचे काय होणार, हा प्रश्न खरा आहे. हातातले कसब नव्या कामाला वेळेवर जोडून देणे, हेच त्याचे उत्तर.

दोन वाटांपैकी

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. तेल कंपन्यांना सूर्य दिसत नाही असे नाही. त्यांचा धंदा लवकर येणाऱ्या मोठ्या नफ्यावर आणि दुर्मीळ जागेच्या मालकीवर उभा आहे. सूर्य या दोन्ही गोष्टी देत नाही. तो थोडे देतो, सावकाश देतो आणि सर्वांना देतो. म्हणून तेल कंपन्या पुढे होतील आणि आपण मागून जाऊ, अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. ज्यांना सावकाश येणारा पैसा चालतो, त्यांनीच पुढे व्हायला हवे: वीजकंपन्यांनी, सरकारने, सहकारी संस्थांनी आणि ज्यांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे त्या सर्वांनी.

विठ्ठलवाडीहून कर्जतकडे जाताना वाटेत भिवपुरी रोड हे स्थानक लागते. त्या भागातच शतकभर जुने जलविद्युत केंद्र आहे. दिवसा जास्त असलेल्या विजेने पाणी वर चढवायचे आणि रात्री तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची, असा १,००० मेगावॅटचा प्रकल्प तिथे उभारण्याचा करार टाटा पॉवरने २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारशी केला. सूर्य मावळल्यावर काय, या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी दूरचा हिशोब केला, त्यांचे डोंगर आणि तळी आज पुन्हा कामी येत आहेत.

जाता जाता एक गृहपाठ. आपल्या इमारतीच्या गच्चीची लांबी-रुंदी मोजा. निम्म्या जागेवर पॅनेल बसले, तर चौरस मीटरला दिवसाला एक युनिट या हिशोबाने वर्षाला किती वीज मिळेल, ते काढा. मग विजेच्या बिलावरील दर पाहून वार्षिक बचत काढा, खर्च विचारून घ्या, आणि आजचे मोल आधी १५ टक्के व मग ६ टक्के दराने काढून पाहा. दोन्ही उत्तरे सोसायटीच्या सभेत मांडा. कोणता चष्मा वापरायचा ते मोठ्यांना ठरवू द्या. पण आपण चष्मा लावूनच पाहतो आहोत, एवढे तरी त्यांना नक्की सांगा.